हाडं, झाडं आणि रविवारचा अर्धा तास

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजक मंडळींचा फोन आला तेव्हा विषयही त्यांनीच सुचवला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, त्यामुळे कुठल्याही कार्यक्रमात माझ्या वाट्याला हाच विषय येतो. या वेळी मी म्हटलं, मला हाडांवर बोलायचंय. पलीकडे जरा शांतता. मग प्रश्न आला, "अगं, पण तू तर इंजिनिअर ना?"

हो, इंजिनिअरच आहे, डॉक्टर नाही. आपल्या बॅचचे डॉक्टर समोर बसलेत. माझं काही चुकलं तर त्यांनी खुशाल हात वर करावा. पण गेल्या काही वर्षांत या विषयाचं मी जेवढं वाचलंय, तेवढं इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतही वाचलं नव्हतं. त्याला कारण आहे. आपल्या ग्रुपवर मी एकदा एक मेसेज पाठवला होता. पुष्कळांनी त्याला हात जोडले होते, काहींनी तो पुढेही पाठवला असेल. मेसेज साधारण असा होता : 'हाडजोड म्हणजे कांडवेल. स्टेरॉइडने झिजलेली हाडं पुन्हा भरून काढणारी वनस्पती. दुष्परिणाम शून्य.' शेवटी दोन हिरवी पानं.

तो मेसेज मला आज परत घ्यायचाय. फोनवरून पुसून टाकायची मुदत कधीच संपली, म्हणून इथं सगळ्यांसमोर घेते.

त्यासाठी आधी आठवीच्या वर्गात जाऊ. सरांनी आपल्याला दोन हाडं दाखवली होती, आठवतं? कोंबडीचं एक हाड पातळ आम्लाच्या बाटलीत ठेवलं होतं. काही दिवसांनी बाहेर काढलं तर ते रबरासारखं वाकलं. पोरांनी त्याची गाठ मारायची खटपट केली होती. दुसरं हाड सरांनी चांगलं भाजलं. ते दिसायला होतं तसंच राहिलं, पण चिमटीत धरलं की खडूसारखा भुगा. हाडात एक लवचीक प्रथिन असतं आणि एक कडक क्षार असतो, दोन्ही मिळून हाड होतं, हे त्या दिवशी जे डोक्यात बसलं ते आजतागायत.

पण एक गोष्ट मला तेव्हा समजली नव्हती. हाड जिवंत असतं. ते वाड्याच्या दगडी भिंतीसारखं एकदा बांधलं आणि संपलं, असं नाही. तिथं रस्त्यासारखं सतत दुरुस्तीचं काम चालू असतं. एक टोळी जुनं हाड उकरून काढते, त्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. दुसरी टोळी त्या खड्ड्यात नवं हाड भरते, त्या ऑस्टिओब्लास्ट. तिसऱ्या पेशी हाडातच मुक्काम ठोकून कुठं दुरुस्ती हवी ते कळवतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी असा नवा होतो.

स्टेरॉइडची गोळी बराच काळ चालू राहिली की या कामाचं वेळापत्रक कोलमडतं. भरणाऱ्या पेशी कमी तयार होतात आणि लवकर मरतात. उकरणाऱ्या पेशी मात्र नेहमीपेक्षा जास्त दिवस टिकतात. पाहणी करणाऱ्याही मरतात. शिवाय आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीवाटे जास्त जातं. खड्डे पडत राहतात आणि भरायला माणूस नाही. आपल्या स्टँडसमोरचा रस्ता डोळ्यांपुढे आणा, म्हणजे मी जास्त समजावून सांगायला नको.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेग. हाडांची ही झीज पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात जोरात होते. तीन ते सहा महिन्यांत फ्रॅक्चरचा धोका वाढलेला असतो, आणि आधी मोडतात ते बहुधा पाठीचे मणके. डोसही फार मोठा लागत नाही. प्रेडनिसोलोन रोज अडीच मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ घ्यायचं असेल, तर हाडांचा विचार करायलाच हवा, असं संधिवाताच्या डॉक्टरांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

म्हणजे स्टेरॉइड वाईट, असं मी म्हणत नाहीये. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन दिलं. जिला हलता येत नव्हतं ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली त्या कामाला नोबेल मिळालं. आमच्याही घरात अगदी तसंच झालं.

२०१६ मध्ये माझ्या आईला आमवाताने धरलं. सकाळी उठलं की बोटं मिटायची नाहीत. स्वतःची वेणी घालता येईना. डॉक्टरांनी इतर औषधांबरोबर प्रेडनिसोलोन सुरू केलं आणि पुढच्या आठवड्यात आई पोळ्या लाटत होती. ती गोळी आमच्या घरात देवासारखी आली. पाच वर्षं चालू राहिली. त्या पाच वर्षांत हाडांबद्दल आम्हाला कुणी काही सांगितलं नाही आणि आम्हीही काही विचारलं नाही. मी दर महिन्याला गोळ्यांची पानं कुरिअरने पाठवायची, त्यातच माझं कर्तव्य झालं असं मला वाटायचं. त्याच काळात कधीतरी तो कांडवेलीचा मेसेज मी आपल्या ग्रुपवर टाकला, आईलाही पाठवला. दोन बोटांचं काम.

२०२१ मध्ये आईने न्हाणीघरात अर्धी भरलेली बादली उचलली आणि ती तिथंच खाली बसली. एक्स-रे काढला तर कमरेच्या वरचा एक मणका चेपलेला. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, त्याच्या वरचाही एक मणका आधीच कधीतरी चेपला होता. आम्हाला पत्ताच नव्हता. मग मला आठवलं, दोन वर्षांपासून आई म्हणत होती की सगळे परकर लांब झालेत, पायात येतात. तिने एकेक करून सगळ्यांना टिपा घातल्या होत्या. परकर लांब झाले नव्हते, आईची उंची कमी झाली होती.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली. उणे अडीच किंवा त्याखाली आकडा आला की हाडं ठिसूळ समजतात. आईचा उणे ३.१ होता. डॉक्टरांनी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी दिली. मी पुण्याला परत आले.

चार महिन्यांनी दिवाळीला घरी गेले. फडताळात करंजीचं साटं लावायचा ब्रश शोधत होते, तर बिस्किटांच्या जुन्या डब्यात अ‍ॅलेंड्रोनेटची पानं दिसली. मोजल्या. सोळा गोळ्या. चार महिन्यांत एकही घेतलेली नव्हती.

"आई, हे काय?"

"अगं, तूच नाही का पाठवलं होतंस ते कांडवेलीचं? शेजारच्या काकूंनी चूर्ण आणून दिलं. झाडपालाच तो, त्याचा काय त्रास व्हायचाय?"

मला काही बोलताच येईना. त्या चार महिन्यांत तिचं आणखी एखादं हाड मोडलं असतं, तर त्यात माझा हात होता. नशिबाने मोडलं नाही.

मग मी त्या मेसेजची पाळंमुळं शोधायला बसले. माझी खात्री होती की तो धडधडीत खोटा असणार. तो तसा नव्हता, हे मी प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९६३ साली बनारस हिंदू विद्यापीठातल्या प्रसाद आणि उडुपा या शास्त्रज्ञांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय नेमका हाच, कॉर्टिसोन दिलेल्या प्राण्यांचं मोडलेलं हाड जुळून येण्यावर कांडवेलीचा काय परिणाम होतो. आणि परिणाम चांगला दिसला होता. म्हणजे स्टेरॉइड, हाड आणि कांडवेल हा धागा साठ वर्षांपूर्वीच आपल्याच देशात जुळला होता.

पुढे वाचत गेले तसतशी मला सरांनी करून घेतलेली वनस्पतींची वही आठवायला लागली. पानं वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, वहीत चिकटवायची, खाली नाव, ठिकाण, तारीख. त्या वहीतल्या किती झाडांवर लोक काम करतायत! आपल्या माळावरचा पळस घ्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने पळसाच्या सालीतून मेडिकार्पिन, काजॅनिन असे घटक वेगळे काढले. त्यांनी हाड बांधणाऱ्या पेशींना चालना मिळते, असं प्रयोगशाळेत दिसलं. पावसाळ्यात उकिरड्यावर आणि रस्त्याच्या कडेला माजणारा कासविंदा घ्या. त्याच्या अर्काने स्टेरॉइड दिलेल्या उंदरांच्या हाडांची झीज रोखली गेली, असा शोधनिबंध २०१९ चा आहे. हळदीतलं करक्यूमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल, चिनी औषधांतलं इकॅरीन, यादी लांब आहे. कुठला घटक बांधणाऱ्या पेशींना मरू देत नाही, कुठला उकरणाऱ्यांना आवर घालतो. हे सगळं खरं काम आहे. चांगल्या लोकांनी मेहनतीने केलेलं आहे. त्याची टिंगल करायला मी उभी नाही.

मग मेसेज परत का घ्यायचा?

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. ग्राहकाकडे प्रोग्रॅम बंद पडतो आणि तो लिहिणारा पोरगा म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतोय!" चालत असेल रे बाबा, पण ग्राहक तुझ्या मशीनवर बसलेला नाही. उंदीर हे आपलं पहिलं मशीन आहे. तिथं चालणं आवश्यक आहे, पण ते पुरेसं नाही. उंदराला ठरावीक वजनाला ठरावीक मात्रेत, नेमक्या पद्धतीने काढलेला अर्क दिलेला असतो. काकूंच्या डब्यातल्या चूर्णात कांडवेल किती, कुठल्या महिन्यात तोडलेली, आणखी काय मिसळलेलं, कुणाला माहीत?

आणि पोटात गेलेलं सगळंच रक्तात जातं असंही नाही. करक्यूमिन शरीरात फार थोडं शोषलं जातं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतल्या पायपरीनबरोबर दिल्यास माणसांत ते सुमारे वीसपट शोषलं जातं. ऐकायला छान. पण पायपरीन हे कसं करतं? औषधांची विल्हेवाट लावणारी शरीरातली यंत्रणा ते मंद करतं. मग करक्यूमिनबरोबर बाकीच्या गोळ्याही रक्तात जास्त साचू शकतात. भाजीतल्या हळद-मिरीने काही होत नाही. पण दुकानात मिळणाऱ्या तीव्र कॅप्सूल आणि आईच्या सात गोळ्या एकत्र देताना डॉक्टरांना विचारायला हवं.

माणसांवर मोठे प्रयोग झाले की कधी हो येतं, कधी नाही येतं. पाळी गेलेल्या बायकांची दोन उदाहरणं सांगते. सोयाबीनमधल्या जेनिस्टीनचा इटलीत ३८९ बायकांवर दोन वर्षं प्रयोग झाला आणि २००७ मध्ये निष्कर्ष आला की हाडांची घनता वाढली. तसल्याच घटकांच्या धर्तीवर बनवलेल्या इप्रिफ्लेव्होनकडूनही मोठ्या आशा होत्या. ४७४ बायकांवर तीन वर्षं प्रयोग झाला. २००१ मध्ये निष्कर्ष आला की हाडांना काही फायदा नाही, फ्रॅक्चरही कमी झाली नाहीत, उलट २९ बायकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी एक प्रकार कमी झाला. एकाच कुळातले दोन भाऊ, आणि गुण दोन तऱ्हेचे. म्हणून तर प्रत्येकाला स्वतंत्र परीक्षेला बसवावं लागतं. आणि स्टेरॉइड घेणाऱ्या माणसांची फ्रॅक्चर खरोखर कमी होतात का, हे मोजणारा मोठा प्रयोग मला वर सांगितलेल्या झाडांपैकी एकाचाही सापडला नाही. कांडवेलीचे माणसांवर छोटे प्रयोग झालेत, पण ते जबड्याच्या मोडलेल्या हाडावर. मोडलेलं हाड सांधणं वेगळं आणि सगळ्या सांगाड्याची झीज रोखणं वेगळं.

आता 'दुष्परिणाम शून्य' या शब्दांकडे येते, कारण माझ्या आईला भावले ते हेच शब्द.

मघाशी कासविंद्याचं कौतुक केलं. पश्चिम उत्तर प्रदेशात दर हिवाळ्यात लहान मुलं अचानक आजारी पडून दगावत होती. मेंदूज्वर समजला जायचा. तिथल्या डॉक्टरांनी चिकाटीने शोध घेतला आणि २००७ च्या सुमारास कारण पुढे आलं. खेळता खेळता मुलांनी कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्या होत्या. त्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू, तिन्हींवर घाला घातला होता. तेच झाड. एका भागाच्या अर्काने उंदराचं हाड वाचतं आणि बी खाऊन पोर जातं. आणि हा कासविंदा दिसायला आपण पावसाळ्यात भाजी करतो त्या टाकळ्याचाच सख्खा चुलता आहे. तेव्हा कासविंद्याचं नाव मी घेतलं म्हणून उद्या कुणी तो उपटून आणू नका.

दुसरं उदाहरण घरातलंच. ज्येष्ठमध. खोकल्याला आपण सगळे चघळतो. त्यातला ग्लिसिरायझिन हा घटक शरीरात स्टेरॉइड निष्प्रभ करणाऱ्या एन्झाइमला अडवतो. म्हणजे स्टेरॉइड घेणारा माणूस रोज ज्येष्ठमधाचा काढा घेत राहिला, तर स्टेरॉइडचा प्रभाव वाढतो, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. गोळी तेवढीच, परिणाम मात्र जास्त.

तिसरी गोष्ट वाचून तर मी हसलेच. स्टेरॉइड 'केमिकल' आणि झाडपाला 'नैसर्गिक', असं आपण म्हणतो ना? कॉर्टिसोन सुरुवातीला गुरांच्या पित्तापासून महाकष्टाने बनवावं लागायचं. ते स्वस्त झालं ते मेक्सिकोच्या रानातल्या एका कंदामुळे. रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात त्या कंदातल्या डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनवलं आणि १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी बुरशीच्या मदतीने त्याचं कॉर्टिसोनकडे जाणारं रूपांतर साधलं. म्हणजे आईची हाडं झिजवणाऱ्या औषधाचं माहेरही रानातच. झाडातून आलं की नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे. किती, कुठल्या रूपात, कुणाला, कशाबरोबर आणि कुणी पारखलंय, हे प्रश्न बरोबर आहेत.

जाता जाता आणखी एक इशारा. सांधेदुखीवर किंवा दम्यावर एखादी बिननावाची पुडी दोन दिवसांत जादू करत असेल, तर सावध व्हा. अशा 'आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या पुड्यांत चक्क स्टेरॉइड मिसळलेलं आपल्या देशात वेळोवेळी आढळलंय. चेहरा गोल व्हायला लागला, साखर वाढली, तर पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. यात खऱ्या वैद्यांचा काही दोष नाही. चांगला वैद्य काय दिलं ते लिहून देतो.

मग आज हाताशी पारखलेलं काय आहे? अ‍ॅलेंड्रोनेटचा प्रयोग स्टेरॉइड घेणाऱ्याच ४७७ स्त्री-पुरुषांवर झाला, १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ४८ आठवड्यांत नुसतं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या कण्याच्या हाडांची घनता ०.४ टक्के घटली, सोबत रोज १० मिलिग्रॅम गोळी घेणाऱ्यांची २.९ टक्के वाढली. ज्यांची हाडं फारच खालावलीत त्यांच्यासाठी टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन आहे. २००७ मधल्या ४२८ रुग्णांच्या प्रयोगात दीड वर्षात ते घेणाऱ्यांपैकी ०.६ टक्के लोकांचे मणके मोडले, अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्यांपैकी ६.१ टक्के. या औषधांनाही दुष्परिणाम आहेत. मूत्रपिंड पाहावं लागतं, दात काढायचा असेल तर आधी सांगावं लागतं, फार वर्षं घेतल्यास क्वचित मांडीचं हाड विचित्र तऱ्हेने मोडतं. पण हे सगळं आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी मोजून, लिहून ठेवलंय. 'दुष्परिणाम शून्य' याचा अर्थ बहुतेक वेळा 'अजून कुणी मोजले नाहीत' एवढाच असतो.

तेव्हा तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कुणी स्टेरॉइडची गोळी घेत असेल, त्यांनी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. एक, ही गोळी किती दिवस चालणार आणि कमीत कमी किती डोसवर भागेल? दोन, तीन महिन्यांच्या वर जाणार असेल तर हाडांचं काय करायचं, तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, औषध? तीन, घरी घेतो ते हे चूर्ण आणि हा काढा यासोबत चालेल का? चूर्णाचा डबा पिशवीत घालून न्या, लाजू नका. हे प्रश्न गोळी सुरू होईल त्याच दिवशी विचारायचे, मणका चेपल्यावर नाही. आम्ही पाच वर्षं उशीर केला.

आणि माझं भाषण ऐकून कुणी घाबरून स्टेरॉइड एकदम बंद करू नका. बरेच दिवस गोळी घेतली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतं. गोळी अचानक तोडली तर जिवावर बेतू शकतं. दम्याच्या पंपाचं आणि मलमांचं गणित वेगळं आहे, तेही परस्पर सोडू नका. बाकी नाचणी खा. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, ते काही वाया जात नाही. जमेल तेवढं चाला, उन्हात बसा, न्हाणीघरात पाय घसरणार नाही असं पाहा.

आता आईचं सांगते. डब्यातल्या गोळ्या सापडल्यावर मी पहिल्यांदा भरपूर भाषण दिलं. कागद दाखवले, आकडे दाखवले. आई शांतपणे ऐकत होती. शेवटी हळूच म्हणाली, "ते सगळं खरं गं. पण त्या गोळीनंतर अर्धा तास चहा घेता येत नाही."

खरं कारण ते होतं. अ‍ॅलेंड्रोनेट सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही, काही खायचं नाही. पन्नास वर्षं पहाटे साडेपाचला चुलीवर चहा ठेवणाऱ्या बाईला हा अर्धा तास फार मोठा वाटला. कांडवेलीच्या चूर्णानंतर लगेच चहा चालत होता. मी शास्त्र शोधत बसले होते आणि प्रश्न चहाचा होता. मी चार महिन्यांत तिला एकदा विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी सहाला मी आईला फोन करते. ती गोळी घेते, पेलाभर पाणी पिते, खुर्चीत ताठ बसते आणि आम्ही अर्धा तास बोलतो. गावातल्या बातम्या, कुणाची लग्नं, कुणाची भांडणं. साडेसहाला ती म्हणते, "चल, ठेव आता, मी आधण ठेवते." मागच्या तपासणीत तिचा आकडा उणे २.७ आला. अजून ठिसूळच आहेत हाडं, पण दिशा बदलली. चूर्ण डॉक्टरांना दाखवून बंद केलं. कांडवेल मात्र गच्चीवर कुंडीत आहे. आईने तिला काठी लावून दिलीय.

शेवटी परत सरांच्या वहीकडे. प्रत्येक झाडाखाली सर दोन रकाने आखायला लावायचे, 'पाहिलं' आणि 'ऐकलं'. एका रकान्यातलं दुसऱ्यात गेलं की वही परत. माझ्या वहीत कांडवेल होती. शाळेमागच्या कुंपणावरून आणली होती. ती काही केल्या वाळेना, वहीतच तिला कोंब फुटला होता. तिच्याखाली मी लिहिलं होतं : 'पाहिलं : खोड चौकोनी, रस लागला की हाताला खाज सुटते. ऐकलं : मोडलेलं हाड सांधते, असं आजी सांगते.' तेरा वर्षांच्या मुलीला जो फरक कळत होता, तो चाळिशीतल्या इंजिनिअरणीला मेसेज पुढे ढकलताना कळला नाही.

सर, वही परत घेतली. दुरुस्त करून देतेय. 'ऐकलं : कांडवेल हाडांना चांगली. पाहिलं, तेही दुसऱ्यांनी आणि प्राण्यांत : शक्यता आहे, शोध चालू आहे. माणसांत पारखलेलं : डॉक्टरांना विचारा, आणि गोळी सुरू होईल त्याच दिवशी विचारा.' हाच मजकूर आज रात्री ग्रुपवर टाकणार आहे. हात जोडायची गरज नाही. घरी स्टेरॉइड घेणारं कुणी असेल तर त्यांना फोन करा, आणि औषधं वेळेवर घेताय ना, एवढंच न विचारता घेताना अडचण काय येते, तेही विचारा.